पथ्याची यादी आणि रुग्णाची चूल

चिकित्सापत्राच्या पाठीमागे छापलेली पथ्यापथ्याची यादी ही आपल्या व्यवसायातील एक जुनी सोय आहे. 'पथ्य' या रकान्यात जुने गहू, जव, मूग, पडवळ, डाळिंब, मनुका, गाईचे तूप. 'अपथ्य' या रकान्यात तांदूळ, मासळी, वाल, उडीद, आंबट, खारट, तळलेले. ग्रंथाधार पाहू गेल्यास यांतील बहुतेक नोंदींना तो सापडतो. अडचण निराळीच आहे. पालघर तालुक्यातील माकुणसार, केळवे, सफाळे या पट्ट्यातील एखादी गृहिणी ही यादी घरी नेते, तेव्हा आपल्या स्वयंपाकघरात जे रोज असते ते सारे एका रकान्यात आणि जे सहसा नसते ते सारे दुसऱ्या रकान्यात आहे, हे तिच्या लक्षात येते. चार दिवस ती नेटाने पाळते. पाचव्या दिवशी यादी फळीवरच्या डब्याखाली जाते. औषध चालू राहते आणि पथ्य सुटते. पथ्याविना औषधाचा गुण कितपत येतो, हे व्यवसायबंधूंना निराळे सांगावयास नको.

रुग्णाच्या घरी रोज शिजणाऱ्या आणि त्याला आवडणाऱ्या द्रव्यांतूनच पथ्य बांधता येते, ते तसेच बांधावे असा शास्त्राचाही आदेश आहे, आणि तसे न केल्यास कधी कधी प्रत्यक्ष अपाय होतो, एवढेच प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे. उत्तर कोकणातील साधा घरगुती स्वयंपाक हे त्याचे उदाहरण म्हणून घेतले आहे, कारण प्रस्तुत लेखकाचे रुग्ण याच चुलीवरचे जेवतात.

अपायाची गोष्ट आधी सांगतो. साठीच्या पुढची एक प्रमेही स्त्री. आधुनिक वैद्यकाच्या, रक्तशर्करा उतरविणाऱ्या गोळ्या नियमित चालू. कोठूनशी मिळालेल्या छापील यादीत 'भात व तांदळाचे सर्व पदार्थ वर्ज्य' असे वाचून तिने भात सोडला, तांदळाची भाकरीही सोडली. घरात पोळीची रीत नाही. सुनेने काही दिवस पोळ्या लाटल्या, पुढे शेतीच्या कामात तेही राहिले. म्हातारी रात्री चहा व दोन बिस्किटे घेऊन झोपू लागली. गोळी मात्र वेळेवर! परिणामी पहाटे घाम, हातापायांत कंप, आणि एकदा शुद्ध हरपली. त्या वेळी रक्तातील साखर मोजली, ती फारच खाली गेलेली होती. येथे यादीतील एकही अक्षर शास्त्राविरुद्ध नव्हते, असे कोणी म्हणेल. नवान्न प्रमेहाच्या निदानात आहेच. परंतु यादी देणाऱ्याने 'भाताऐवजी काय?' हा प्रश्न विचारला नाही, आणि रुग्णेच्या घरी त्या प्रश्नाचे उत्तर बिस्किटाने दिले.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायात आहाराची आठ विधिविशेषायतने सांगितली आहेत: प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. पदवी अभ्यासक्रमात आपण सर्वांनी ती पाठ केलेली आहेत. छापील यादी मात्र या आठांपैकी एकट्या 'प्रकृती'वर, म्हणजे द्रव्याच्या स्वाभाविक गुणांवर चालते. वाल गुरू म्हणून वर्ज्य, तांदूळ कफकर म्हणून वर्ज्य. त्या वालावर घरात कोणता संस्कार होतो, तो कशाबरोबर, किती, कोणत्या ऋतूत आणि कोण खातो, हे उरलेले सात प्रश्न यादीत मावत नाहीत.

चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात तर याहून स्पष्ट सांगितले आहे. तेथे निरनिराळ्या प्रदेशांतील लोकांचे आहारसात्म्य क्रमाने येते. पूर्वेकडील लोकांना मत्स्य, सिंधुदेशीयांना दूध, दक्षिणेकडील लोकांना पेया, मलयवासीयांना कंद-मूळ-फळे, मध्यदेशीयांना जव, गहू व गोरस सात्म्य असल्याचे नोंदवून, त्या त्या लोकांस औषधेही त्या सात्म्यद्रव्यांशी जोडूनच द्यावीत, असे आचार्य म्हणतात. त्याच अध्यायात पुढे, सतत एकच खाऊन किंवा चव नसल्याने पथ्य नकोसे झाले असेल तर निरनिराळ्या पाककल्पनांनी ते पुन्हा आवडते करावे, असाही निर्देश आहे. रुग्णाची आवड ही चिकित्सेतील अडचण न मानता साधन मानण्याची ही दृष्टी आहे. मराठी वैद्यांना तर याची परंपराही आहे. सतराव्या शतकातील रघुनाथसूरींच्या 'भोजनकुतूहल' या संस्कृत ग्रंथात लोकांच्या नित्य खाण्यातील पदार्थांचा विचार देशी नावांसह केलेला आढळतो.

आता प्रत्यक्ष चुलीकडे वळू, आणि आरंभ अर्थातच तांदळापासून करू.

समुद्रालगतचा हा भाग आनूप देश होय. खाजणे, भातखाचरे, नारळ-केळीच्या वाड्या, केळवे-माहीमच्या पानवेली. पूर्वेकडे विक्रमगड, जव्हार, मोखाड्याचे डोंगर. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी ताटाची विभागणी त्याआधीपासून हीच आहे: बंदरपट्टीत भात व मासळी, डोंगरपट्टीत भाताच्या जोडीला नागली, वरी व रानभाज्या. वाड्याच्या कोलम तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे त्याचे नाव शहरांपर्यंत पोहोचले. परंतु आपल्याकडील बहुसंख्य घरांत आपल्याच खाचरातला किंवा बाजारातला साधा तांदूळ शिजतो, आणि आपल्याला विचार त्याचा करावयाचा आहे.

तांदूळ एकच असला तरी त्याची रूपे चार, आणि चारांचे गुण भिन्न आहेत. मंड चौदापट पाण्यात, यवागू सहापट पाण्यात, विलेपी चौपट पाण्यात, हे प्रमाण आपण ग्रंथात वाचतो. घरात त्यांना पेजेवरचे निवळ पाणी, पेज आणि गुरगुट्या भात म्हणतात. ज्वरातून उठलेल्या रुग्णास 'संसर्जनक्रम पाळा' असे सांगितले तर ती माउली गोंधळते. 'पहिल्या दिवशी पेजेवरचे निवळ पाणी, दुसऱ्या दिवशी पेज, मग गुरगुट्या भात, आणि भूक लागली तरच पुढची पायरी' असे सांगितले तर ते तिला पूर्वीपासूनच ठाऊक असते. पेजेला तांदूळ आधी कोरडे भाजून घेतले की ती अधिक लघू होते. कफप्रधान विकारांत भाजलेल्या तांदळाचा भात चरकांनीही इष्ट मानला आहे.

भात वेळण्याची रीत मात्र झपाट्याने नाहीशी होत आहे, आणि ही गोष्ट व्यवसायबंधूंनी लक्षात घेण्यासारखी आहे. स्वच्छ धुतलेला, पाणी काढून टाकलेला, नीट वाफवलेला आणि गरम असा भात लघू. न धुतलेला, पाणी न काढलेला, अर्धवट शिजलेला व थंड भात गुरू, असा भेद सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात केला आहे. टोपात भरपूर पाणी ठेवून, तांदूळ शिजत आला की झाकण लावून पाणी वेळून टाकणे, ही आजीची रीत म्हणजे अक्षरशः तोच संस्कार. कुकर आला आणि पाणी भातातच आटू लागले. अग्निमांद्य, स्थौल्य, आमाचा अनुबंध असलेले रुग्ण 'आम्ही थोडाच भात खातो, तरी जड होतो' अशी तक्रार करतात, तेव्हा भात सोडावयास सांगण्यापूर्वी तो कसा शिजतो हे विचारावे. आठवडाभर वेळलेला, गरम भात खाऊन पाहण्यास सांगावे. पुष्कळदा एवढ्यानेच जडपणा उतरल्याचा अनुभव आहे. मात्र हाच सल्ला सर्वांस देऊ नये. वेळलेल्या पाण्याबरोबर ब गटातील जीवनसत्त्वांचाही काही अंश जातो. म्हणून कृश बालक, गर्भिणी, पांडुरोगी यांचा भात वेळू नये, किंवा ते पाणी मीठ-जिरे घालून त्यांनाच पिण्यास द्यावे. घरोघरी ते गुरांच्या आंबोणात जाते.

नव्या-जुन्या तांदळाचेही असेच आहे. नवे धान्य गुरू व अभिष्यंदी, वर्ष उलटलेले लघू, हा सामान्य नियम. परंतु हेमंत ऋतुचर्येत चरकांनी नव्या तांदळाचा भात स्वतःहून सांगितला आहे, कारण त्या काळी अग्नी प्रबळ असतो. आपल्याकडे भातकापणी आश्विन-कार्तिकात होते आणि मार्गशीर्षात नवा भात पानात येतो. निरोगी माणसाला त्याची भीती घालण्याचे कारण नाही. तमकश्वास, प्रतिश्याय, प्रमेह यांच्या रुग्णांनी त्या दोन-तीन महिन्यांपुरता मागील वर्षाचा तांदूळ बाजूस ठेवावा, एवढे सांगणे पुरे.

प्रमेहात तांदळाचे काय करावे, हा सर्वांत वारंवार येणारा प्रश्न. आमची रीत अशी की दुपारी एक तांदळाची किंवा नागलीची भाकरी, तिच्याबरोबर दुप्पट भाजी आणि वाटीभर कुळीथ किंवा मूग. भात हवाच असेल तर वाटीने मोजून, वाढण्याने नव्हे. रात्रीचे जेवण लवकर आणि हलके, पण गोळ्या चालू असतील तर ते कधीही चुकवावयाचे नाही. नागलीविषयी मात्र एक सावधगिरी. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाल्यापासून नागलीचे नाव सर्वांच्या तोंडी आहे, आणि नागली म्हटले की मधुमेहात हवी तेवढी चालते, असा समज पसरला आहे. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. अस्थिक्षय, सूतिका, वाढीच्या वयातील मुले यांना ती उत्तमच. परंतु बारीक दळून पातळ शिजवलेली आंबील फार लवकर पचते आणि रक्तशर्करा लगेच चढविते. प्रमेह्यास नागली द्यावी ती भाकरीच्या रूपात. डोंगरपट्टीतील कष्टकरी माणसाची सकाळची आंबील आणि दुकानात बसून काम करणाऱ्याची आंबील यांत 'उपयोक्ता' भिन्न आहे.

आता वाल. निष्पावाचे वर्णन ग्रंथांत गुरू, रूक्ष, विदाही, वातविबंधकर असे येते. भात कापल्यावर जमिनीतील उरल्या ओलीवर येणारे हे कडधान्य तर येथील प्रत्येक घराच्या आवडीचे. मग इतकी वर्षे हे लोक वाल खाऊन निभावले कसे? उत्तर 'करण' आणि 'संयोग' यांत आहे. कडवे वाल रात्रभर भिजतात, पाणी टाकून देतात, फडक्यात बांधून मोड आणतात, मग कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोलतात. हे बिरडे पुढे हिंग, ओवा किंवा जिरे यांच्या फोडणीवर मऊ शिजते. त्यात ओले खोबरे, आमसूल किंवा चिंच आणि गुळाचा खडा पडतो. प्रत्येक पायरी दोषाला उत्तर देणारी आहे. टरफलातील कषाय अंश सोलण्याने जातो, रूक्षत्वाला खोबरे व तेल, विष्टंभाला हिंग-ओवा. आधुनिक परिभाषेत सांगावयाचे तर टरफलातील टॅनिन आणि दाण्यातील प्रथिनपचनास अडविणारे घटक भिजविणे, मोड आणणे, सोलणे व शिजविणे या क्रमाने कमी होत जातात.

येथे थोडे विषयांतर. हल्ली व्यायामशाळेतून आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून 'कच्ची मोडाची कडधान्ये' सकाळी उपाशीपोटी खाण्याचा सल्ला दिला जातो, आणि आपल्यापैकी काही जणही तो देतात. विरूढधान्यांच्या पदार्थांना चरकांनी गुरू गणले आहे, याचे विस्मरण होऊ नये. मोड आणणे ही आमच्या आज्यांच्या लेखी अर्धी कृती होती; उरलेली अर्धी सोलणे आणि शिजविणे. ग्रहणी व आध्मानाच्या रुग्णांत कच्ची मोडे बंद करून तेच धान्य फोडणीचे शिजवून देण्याने दोन आठवड्यांत फरक पडतो, असा आमचा अनुभव आहे.

संस्काराने सर्व दोष जातात असे मात्र नव्हे. वातरक्ताच्या निदानात कुलत्थ, माष व निष्पाव यांचा नामनिर्देश आहे. तेथे बिरडे कितीही सोलले तरी वर्ज्यच, आणि ते रुग्णास स्पष्ट सांगावे. दहा पदार्थ वर्ज्य सांगितल्यावर अकरावा, जो खरोखर वर्ज्य आहे, तो कोणी ऐकत नाही. कुळीथ त्याच न्यायाने रक्तपित्त व अम्लपित्तात टाळावे. परंतु कास, श्वास, अर्श आणि मूत्राश्मरीत ते अन्नही आहे आणि औषधही. थंडीत कफाने भरलेल्या रुग्णास कुळथाचे कढण किंवा पिठी सांगितली तर 'हे तर आमच्याकडे होतेच' असे तो हसून म्हणतो, आणि ते पथ्य सुटत नाही.

सुक्या मासळीकडे मी जरा अधिक थांबणार आहे, कारण या विषयात यादी सर्वांत सोपी आणि सर्वांत निरुपयोगी असते. मत्स्य व वल्लूर, म्हणजे वाळविलेले मांस, यांचा नित्य अभ्यास करू नये असे सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात आहे. भावप्रकाशात शुष्क मत्स्य दुर्जर व मलबंध करणारे सांगितले आहेत. दुसरीकडे, १ जून ते ३१ जुलै या काळात समुद्रातील मासेमारी शासकीय आदेशाने बंद असते. सातपाटी, अर्नाळा, डहाणू या बंदरांवर होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात, आणि पट्टीतील घरांत पावसाळ्याचे कालवण सुक्या बोंबलाचे व जवळ्याचेच होते. वर्षा ऋतूत वातप्रकोपाच्या, थंड वाऱ्यापावसाच्या दिवशी अम्ल, लवण व स्निग्ध प्रधान आहार चरकांनी सांगितला आहे. आंबोशी घालून केलेले सुक्या बोंबलाचे गरम कालवण त्या वर्णनात सहज बसते. म्हणजे प्रश्न खावे की नाही, असा नसून कोणी, कोणती आणि किती, असा आहे.

येथे वैद्याला बाजाराची माहिती हवी. सुकी मासळी दोन प्रकारची. बोंबील व जवळा हे बहुधा मिठाविना केवळ उन्हावाऱ्यात वाळवितात. त्यांत असतो तो समुद्राच्या पाण्याचा खारटपणा, आणि भिजवून दोन पाण्यांनी धुतले की तो बराचसा जातो. दुसरी खारवलेली मासळी, जिच्यात मीठ भरूनच ती टिकविलेली असते; ती धुतली तरी मीठ आतवर मुरलेले राहते. रक्तदाब, हृद्रोग, शोथ, वृक्कविकार यांच्या रुग्णास 'सुकी मासळी बंद' असे सांगण्याऐवजी 'खारवलेली मासळी पूर्ण बंद. सुके बोंबील आठवड्यातून एकदा, भिजवून, धुऊन, वरून मीठ न घालता' असे सांगितले तर तो ऐकतो. वृक्कविकार पुढच्या टप्प्यातील असल्यास तीही मुभा नको. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढास दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचविले आहे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नव्हे. लोणचे, पापड, फरसाण आणि पाकिटातील शेवया यांनीच ते ओलांडले जाते.

लवणाचा अतियोग विमानस्थानात पिप्पली व क्षार यांच्या पंक्तीस बसविला आहे, आणि अतिलवण खाणाऱ्या प्रदेशांची नावेही आचार्यांनी दिली आहेत. सौराष्ट्र त्यांत आहे. त्यांवरील उपायही तेथेच आहे. सवयीचे झालेले अहितकर द्रव्य एकदम न तोडता क्रमाने सोडावे. पादांशिक क्रमाने, म्हणजे चौथ्या भागाने मीठ कमी करीत गेल्यास जिभेला ते जाणवत नाही. मिठाची उणीव आंबोशी, कोकम, लिंबू, आले, लसूण यांनी भरून काढता येते. आंबटासाठी बिलिंबी वापरणारी घरे आहेत. कालवणात दोन-चार फळे पडल्याने काही बिघडत नाही, पण मधुमेह किंवा मेद उतरविण्यासाठी कोणी तिचा कच्चा रस पेलाभर पीत असेल तर त्यास तत्काळ थांबवावे. अशा रसपानाने मूत्रपिंडास तीव्र इजा झालेल्या रुग्णांची नोंद केरळातून २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली आहे.

पावसाळी रानभाज्यांविषयी आपल्याला अधिक बोलता आले पाहिजे, कारण ती औषधी द्रव्येच आहेत. मृगाच्या सरी पडल्या की सफाळे, पालघर, बोईसरच्या बाजारात आदिवासी भगिनी टोपलीत शेवळे घेऊन बसतात आणि शेजारीच काकडाची हिरवी आंबट फळे ठेवतात. शेवळे सूरणाच्याच जातकुळीतले. त्यात घशाला खाज आणणारे ऑक्झलेटचे सूक्ष्म सुईसारखे स्फटिक असतात. आंबट काकड घालून नीट शिजविल्यावर खाज उरत नाही. घेणारा नवखा असेल तर 'नुसते शेवळे नेऊ नका' असे विकणारीच बजावते. संयोगाचे याहून सुबोध प्रात्यक्षिक महाविद्यालयात आम्हांस कोणी दाखविले नव्हते. वृक्काश्मरीच्या रुग्णास मात्र ही भाजी नको.

भारंगीची कोवळी पाने, टाकळा, कुर्डू, शेवग्याचा पाला, सारे याच दिवसांतले. भारंगीचे चूर्ण आपण कास-श्वासात लिहून देतो, आणि त्याच रुग्णाच्या बांधावर तिची भाजी उगवलेली असते. पाने कडू म्हणून उकडून, पिळून, तेलावर परततात. पालेभाज्या उकडून, रस पिळून, स्नेहयुक्त कराव्यात, हा चरकांचाही विधी. शेवग्याच्या पाल्याबाबत एकच इशारा. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी हिरव्या पालेभाज्यांचे प्रमाण अचानक वाढवू नये.

हिवाळ्यातील उकडहंडी सर्वांना ठाऊक आहे. रताळी, कोनफळ, वालाच्या शेंगा ओवा व हिरवे वाटण लावून मडक्यात वाफेवर. कंद गुरू खरे, पण हेमंतातील अग्नी ते पेलतो. जून महिन्यात कोणी उकडहंडी करीत नाही. मासळी व दूध यांच्या विरोधाविषयीही आपल्याकडे नव्याने सांगावे लागत नाही. रात्रीचे दही मात्र शहरी सवयीने आले आहे, ते थांबवावे.

बोईसर-तारापूरकडे गेल्यावर चित्र बदलते. १९६९ साली तारापूरचे अणुविद्युत केंद्र सुरू झाले, औद्योगिक वसाहत वाढली, आणि आज तेथील वैद्याकडे येणारा तरुण तीन पाळ्यांत काम करणारा, एका खोलीत चौघांसह राहणारा असतो. त्याच्या खोलीत एकच शेगडी असते. अम्लपित्त, ग्रहणी, अर्श या त्याच्या तक्रारी. सकाळी वडापाव, रात्रपाळीत चहा-बिस्किटे. तो उत्तर प्रदेश वा बिहारचा असेल तर त्याला नागलीची भाकरी लिहून देणे म्हणजे आपल्या गृहिणीला जव लिहून देण्यासारखेच. त्याच्या घरचे सात्म्य वेगळे. सत्तू त्याला माहीत आहे, तो न शिजविता पाण्यात कालवता येतो, त्यात लिंबू व भाजलेले जिरे घालता येते. पाळीवर जाण्यापूर्वी गरम भात-डाळ, रात्रपाळीत सत्तू, सकाळी परतल्यावर पातळ खिचडी घेऊन झोप, एवढी आखणी त्याच्या एका शेगडीवर बसते. अम्लपित्त अधिक असेल तर सत्तूत हिरवी मिरची व लोणचे नको, हे त्याला बजावून सांगावे लागते.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंना या साऱ्याचा संबंध काय, असा प्रश्न येईल. संबंध जवळचा आहे. यादीने गांगरलेला रुग्ण प्रथम त्यांच्याच फळीसमोर उभा राहतो आणि 'अशक्तपणाला काही डबा द्या' म्हणतो. प्रथिनांचे डबे विकण्यावर आमचा आक्षेप नाही. गरज असेल तेथे ते द्यावेच. परंतु वृक्कविकाराच्या रुग्णास वैद्याला न विचारता देऊ नयेत. साळीच्या लाह्या, साठीचे तांदूळ, सुंठ, शुद्ध हिंग हे पदार्थ मात्र फळीवर अवश्य असावेत. बाजारातील बांधानी हिंगात गोंद व पीठ मिसळलेले असते. गव्हाची ॲलर्जी असलेल्याने विचारले तर वेष्टनावरील घटक वाचून दाखवावेत. 'सैंधव रक्तदाबाला चालते' असे ग्राहकाला कोणी सांगू नये. सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, शिवाय त्यात बहुधा आयोडीन घातलेले नसते. तसेच 'कमी सोडियमचे' म्हणून विकले जाणारे मीठ पोटॅशियमयुक्त असते, ते वृक्करोग्यास घातक ठरू शकते.

आहारद्रव्ये विकण्यास अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खाली नोंदणी वा परवाना लागतो, हे औषधांवरच व्यवसाय करणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. २०२२ मध्ये 'आयुर्वेद आहार' या वर्गासाठी स्वतंत्र नियम आले. ग्रंथोक्त पाककृतींनी केलेले पदार्थ त्यांत येतात. आयुर्वेदीय औषधे येत नाहीत, आणि दोन वर्षांखालील बालकांसाठी असे उत्पादन करता येत नाही. तान्ह्या मुलासाठी कोणी असे पाकीट मागितल्यास ते न देता मऊ पेज वा नागलीच्या सत्त्वाची कृती सांगून आईला वैद्याकडे पाठवावे.

छापील यादीच्या जागी काय द्यावे? आम्ही रुग्णाला काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाल्ले ते क्रमाने विचारतो, घरी स्वयंपाक कोण करते ते विचारतो, आणि त्यानंतर चिठ्ठीवर हाताने तीन-चार ओळी लिहितो. त्यांत वर्ज्य एकच असते, फार तर दोन. वर सांगितलेल्या प्रमेही स्त्रीची चिठ्ठी अशी होती: दुपारी तांदळाची एक भाकरी, भाजी दोन वाट्या, कुळथाचे कढण एक वाटी. रात्री आठच्या आत वेळलेला भात एक वाटी, वरण, दुधी किंवा पडवळ. बिस्किट बंद. गोळी जेवणाशी जोडून, आणि गोळीच्या मात्रेविषयी ज्या डॉक्टरांनी ती दिली त्यांना याच आठवड्यात भेटणे. खाली सुनेसाठी एक ओळ: घाम येऊन हात थरथरू लागले तर आधी साखरपाणी पाजावे, शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता रुग्णालयात न्यावे.